एकटीसाठी कूलर

आमच्या वीजकेंद्राच्या गावात मे महिन्यातल्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्या दिवशी मात्र शेजारच्या कमलताई उंबऱ्यात बसलेल्या दिसल्या. डोक्यावर ओला टॉवेल होता आणि मागे खिडकीतला कूलर बंद होता.

“बिघडला का?” मी विचारलं.

“नाही सर. एकटीसाठी काय लावायचा? बिल केवढं येतं!” असं म्हणत त्यांनी मला आत बोलावलं आणि लगेच कूलर लावला.

त्यांचे यजमान वीजकेंद्रात कोळशावर कामाला होते. खोकून खोकूनच गेले. काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं, की कोळशाच्या धुरावर कर बसवायचं चाललंय, पेपरात आलंय.

“बसवायलाच पाहिजे,” त्या म्हणाल्या. “हे होते तेव्हाच बसवायला हवा होता. पण सर, तो भरणार कोण? माझ्याच बिलात येईल ना?”

धुराची किंमत या बाईनं एकदा मोजली होती, आणि तरीही या उन्हात वीज तिला हवीच होती. धूर थांबावा, वीज जाऊ नये आणि ती कमलताईंना परवडावी, हे सगळंच मला खरं वाटत होतं. एकत्र कसं जमवायचं, ते मात्र कळत नव्हतं.

मीही घरी एकटाच असतो. गार वाऱ्यात आम्ही बराच वेळ बसून राहिलो.

“उद्यापण या,” निघताना त्या म्हणाल्या.

मी फाटकाची कडी लावेपर्यंत कूलरचा आवाज थांबला होता.