शिव्यांची तालीम

स्वतःला शिव्या द्यायला माणसं घरी बोलावून वर त्यांना पोहे खाऊ घालणारा माणूस शहरातल्या अख्ख्या गारखेड्यात एकच होता, आणि तो माझा मित्र होता. आम्ही एकाच गावचे, गंगापूरकडचे. माझं घर पाटलांचं, त्याचं दलित वस्तीतलं. पुढं शहरात एकाच शाळेत शिक्षक झालो. तो इतिहास शिकवायचा आणि त्याचा सगळा जीव अमेरिकेत. पानिपत दोन तासांत उरकायचा. पण काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या हॉटेलात जाऊन बसले, डोक्यावर साखर ओतली तरी हात न उगारता बसूनच राहिले, हे सांगायला त्याला आठवडा पुरत नसे. मिठाच्या सत्याग्रहावरच्या उत्तरात पोरं साखर लिहू लागली, तेव्हा मुख्याध्यापकांनी त्याला बोलावून घेतलं.

गावात माझ्या चुलतभावाचं चहाचं हॉटेल होतं. दलित वस्तीतल्या गिऱ्हाइकांसाठी कान तुटलेले कप बाहेरच्या कोनाड्यात. प्यायचे आणि आपले आपण विसळून ठेवायचे. निवृत्त झाल्यावर यानं ठरवलं, बाहेरच्या बाकड्यावर बसायचं आणि आतला कप मागायचा. मीही शेजारी बसायचं कबूल केलं. पण अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी आधी तालीम केली होती, म्हणून आम्हालाही करणं आलं. मी हॉटेलवाला झालो, पण शिवी सुचेना. कसाबसा "गाढवा" म्हणालो.

"अरे पाटला, आरती म्हणतोय का? जरा जोर लाव!"

शेवटी त्याची बायको, आमच्या वहिनी, कणकेच्या हातानंच बाहेर आल्या आणि तीस वर्षांचं साचलेलं पाऊण तास अखंड बोलल्या. हा मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "आता मला कुणी हलवू शकत नाय."

ठरल्या दिवशी आम्ही बाकड्यावर बसलो. भाऊ बाहेर आला. मित्राकडं त्यानं पाहिलंही नाही. मला म्हणाला, "दादा, तुम्ही इथं कशाला? आत या की, चहा झालाय."

आणि मी उठलो. आम्ही शिव्यांची तालीम केली होती. आग्रहाची केली नव्हती. आत बसून कानवाल्या कपातला चहा प्यालो आणि मागच्या दारानं एसटी गाठली.

तो चार दिवस बसला. भावानं बाकड्यावर पाणी ओतलं, तर हा ओल्या पँटीनं अमेरिका सांगत राहिला. गिऱ्हाइकं चहा संपला तरी हलेनात. काल गोष्ट कुठं राहिली होती म्हणून सकाळी लवकर येऊ लागली. चौथ्या दिवशी भावानं आतला कप त्याच्यापुढं आपटला. "घ्या सर, पण ती अमेरिका बंद करा. लई झालं!" कोनाडा त्याच दुपारी रिकामा झाला.

पेपरात मात्र छापून आलं की पाटलांच्या पुढाकारानं भेद मिटला. गावानं माझा सत्कार केला. मी शाल घेतली. टाळ्या वाजवणाऱ्यांत तोही होता.

ती शाल पंधरा वर्षांनी, गेल्या आठवड्यात, मी त्याच्यापुढं ठेवली आणि सगळं बोललो. "मला ठाऊक नव्हतं व्हय?" तो म्हणाला. "चल, गावाकडं जाऊन येऊ."

हॉटेल आता पुतण्या चालवतो. सगळ्यांना कागदी कप. मित्र खवळला. "चार दिवस बसलो त्या कपासाठी, आन् कपच गायब?"

"सर, घरून आणायला लावतो," पुतण्या म्हणाला आणि माझ्याकडं वळला. "काका, तुम्ही तोवर आत बसा, पंखा हाय."

"इथंच बरं आहे," मी म्हणालो.

मित्र बाकड्यावर थोडा सरकला फक्त. कप यायला तासभर लागला. तेवढा वेळ मी तिथं बसून होतो, याचीही नोंद असावी.