आप्पांचा कॅमेरा आणि आयचा धवला

आमच्या टेमघरच्या आळीत त्यांना सगळे भिंगआप्पा म्हणत. सदऱ्याच्या खिशात घडीचं पितळी भिंग असे, कारखान्यात कापड तपासताना धागे मोजायचं, आणि ते बाहेर काढल्याशिवाय या माणसाने आयुष्यात काही पसंत केलं नाही. तांदूळ घ्यायचा तर भिंग, लग्नपत्रिकेचा कागद निवडायचा तर भिंग. त्यांच्या रंजनाला बघायला पाहुणे आले, तेव्हा आप्पांनी बोलता बोलता नवऱ्यामुलाच्या शर्टाची बाही भिंगाखाली धरली होती. रंजना हे आजही शपथेवर नाकारते. मी शेजारीण, चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते, मी कशाला खोटं बोलू?

रंजनाचं लग्न ठरलं आणि आप्पांनी व्हिडिओ कॅमेऱ्याचा ध्यास घेतला. तो लेकीसाठी नव्हता, त्यांच्या आईसाठी, आयसाठी होता. आय आमच्याकडची शेवटची धवलारीण, म्हणजे हळदीला आणि मांडवात धवले गाऊन लग्न लावणारी बाई. धवल्याच्या चाली चार बायकांना येत. पण आयचा एक लांबलचक धवला होता, त्याचे शब्द तिला आजेसासूकडून मिळाले होते आणि ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते. ऐंशी ओलांडलेली बाई, दम लागायचा. मी वही घेऊन गेले, तर मला म्हणाली, "मांडव न्हाय, नवरी न्हाय, कोनासाटी बोलू?" लग्नाशिवाय धवला तोंडातून काढायचा नाही, हा तिचा नेम. आप्पांनी तो मोडायचा आग्रह एकदाही धरला नाही. तेव्हा रंजनाची हळद हाच काय तो मोका.

एचडी कॅमेरे तेव्हा दुकानांत नुकते दिसू लागले होते. मी शाळेत शिकवते, म्हणून खोक्यावरचं इंग्रजी वाचायला माझी नेमणूक झाली. चार रविवार आम्ही कल्याण-ठाण्याची दुकानं पालथी घातली. सेल्समन बिचारा झूम, मेमरी असं काय काय सांगायला लागे. आप्पा पिशवीतून कोऱ्या कापडाचा तुकडा काढत, त्याला पाच पावलांवर धरायला लावत आणि कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्याला भिंग लावून तुटलेला धागा शोधत. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका भारी कॅमेऱ्यात त्या कापडावर लाटा उमटल्या. कापड बारीक विणीचं असलं की असं होतं, असं सेल्समन परोपरीने सांगत होता. आप्पांनी कॅमेरा शांतपणे खाली ठेवला. "याला कापड कलत न्हाय, याला मानूस काय कलनार?" दुसरा टेपवाला होता, तो टेप अडकेल म्हणून बाद. कार्डाचा दाखवला तर यांची वेगळीच चिंता, धागा तुटला तर गाठ मारता येते, कार्डाला काय मारायचं? शेवटी तुटलेला धागा ज्यात स्वच्छ दिसला, तो कार्डाचाच कॅमेरा घेतला. जो बारीक पकडतो तो बाकीचं सगळं पकडतो, अशी त्यांची खात्री होती. माझीही होती, उगाच एकट्या आप्पांना का बोल लावू?

हळदीला आप्पांनी तिवईवर कॅमेरा लावला तो थेट आयच्या तोंडासमोर. नवरी कुठे दिसेना म्हणून आत्या रुसल्या, व्याही कुरकुरले. आप्पा ढिम्म हलले नाहीत. आय तासभर गायली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरवर ते लावलं. आयच्या हनुवटीवरचं गोंदण दिसत होतं, सुरकुती न् सुरकुती दिसत होती. आणि ऐकू येत होती नुसती खटखट. मांडवामागच्या भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना दिवसभर चालू होता, आणि तो दोन तास बंद ठेवा म्हणायचं एकालाही सुचलं नव्हतं. सुचणार कसं? जन्मभर ऐकून तो आवाज आमच्या कानांना लागतच नाही. चार रविवार चित्र तपासलं, आवाज एकदाही तपासला नाही. आप्पा म्हणाले, "ते लूम हायत गो. आय कुठं हाय?" मला रडूच फुटलं.

पुढचं लग्न तीन महिन्यांनी, पुतण्याचं. आय तोवर राहिली नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर एका दुपारी आप्पा कार्ड घेऊन आले. म्हणाले, लाव. मी लावलं. "आवाज बंद कर," ते म्हणाले, "त्याच्याकडं लक्ष जातं." आणि पडद्याजवळ खुर्ची ओढून हळूहळू बोलू लागले. एक ओळ. दुसरी ओळ. लूमवर कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, सगळं बोलणं ओठांवर बघून चालतं. वीस वर्षं लूम चालवून मगच आप्पा कापड तपासणीवर आले होते. आयचे ओठ ते वाचत होते. माझा कॉम्प्युटर जुना, तो व्हिडिओ अडखळत, सावकाश दाखवायचा, त्यामुळे ओठ नीट दिसत. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. आठ दुपारी आप्पा सांगत गेले आणि मी लिहीत गेले.

लेकीची पाठवणी येते तिथे मात्र एक ओळ अडली. त्या ओळीला आयने पदर तोंडावर घेतला होता. तिचे खांदे हलत होते, गाणं चालू होतं, आणि ओठ झाकलेले. आम्ही तेवढा भाग वीसदा पाहिला. मागची-पुढची ओळ धरून मी एक जुळवली, चालीत बसवून म्हणून दाखवली. आप्पांनी शांतपणे ऐकली, मग माझ्या हातातलं पेन घेऊन ती खोडली.

"दिसलं न्हाय ते लिवायचं न्हाय."

आप्पांना जाऊन आता चार वर्षं झाली. आमच्या आळीतल्या बायका हळदीला त्या वहीतूनच गातात. त्या ओळीशी आल्या की गप्प होतात, नवरीकडे बघतात आणि पुढची ओळ धरतात. मी जुळवलेली ओळ वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. पण कोणी विचारलं तरी सांगत नाही.