परक्या झडपेचा ताप

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या श्रावणात माझ्या धाकट्या बहिणीच्या हृदयात एका अनोळखी मृत माणसाची झडप बसवली. लहानपणीच्या सांधेतापानं तिची स्वतःची झडप आखडून गेली होती.

मुंबईच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. मेलेल्या माणसाच्या हृदयातून काढलेली झडप गोठवून ठेवतात. "गोठवल्यावर तिच्यातल्या बहुतेक पेशी मरतात. उरतो तो नुसता विणलेला पडदा. म्हणून शरीर तिच्याशी फारसं भांडत नाही." मग म्हणाले, "पण पेशी जिवंत नसल्या तर झडप स्वतःची डागडुजीही करत नाही. किती वर्षं टिकेल, सांगता येत नाही." निघताना बजावलं, ताप आला तर एक दिवसही थांबू नका.

मी शिरूरला शाळेत शिकवत होतो. आई आणि बहीण दौंडला. शनिवारी शाळा सुटली की मी एसटी पकडायचो. न्हावऱ्यापर्यंत वाटायचं, त्या पेशी जिवंत असाव्यात, म्हणजे झडप टिकेल. चौफुला येईपर्यंत वाटायचं, मेलेल्याच बऱ्या, निदान शरीर नाकारणार तरी नाही. काय मागावं तेच कळत नव्हतं. पुण्यातून शरीरशास्त्राचं एक जुनं पुस्तक आणलं होतं. झडपेबद्दल त्यात काही नव्हतं. भाजलेल्या माणसाला दुसऱ्याची कातडी लावली तर काय होतं, एवढंच होतं: आठ-दहा दिवसांत शरीर परकं ओळखतं, जागा लाल होते, तापते, कातडी गळून पडते. ते पान मी इतक्यांदा वाचलं की पुस्तक आपोआप तिथंच उघडायचं.

बहिणीला याचं काही नव्हतं. "दादा, हा माझा बर्फवाला लय झोपाळू असणार," ती झडपेच्या मूळ मालकाबद्दल म्हणायची. "दुपारी जेवले की डोळं मिटतात बघ माझं."

"आगं, मेलेल्या माणसाला नावं ठेवू नये," आई म्हणायची. सर्वपित्रीला तिनं आमच्या वडिलांच्या पानाशेजारी त्या माणसासाठीही एक पान वाढलं. जात, गाव, काही ठाऊक नाही, म्हणून तिखट जास्त वाढावं की बेतानं, यावर मायलेकींचा वाद झाला. शेवटी बेतानं वाढलं.

त्यानंतरच्या शनिवारी गेलो, तर बहिणीला ताप होता. फार नव्हता. सकाळपासूनच आला होता.

"डॉक्टर काय म्हणाले व्हते, दादा?" तिनंच विचारलं.

मी पुस्तक काढलं. शरीराला आता कुठं परकं कळतंय, गोठवलेली झडप म्हणून एवढा उशीर लागला असेल, असं मी दोघींना समजावलं. भांडण मिटलं की ताप उतरेल.

"व्हय की," आई म्हणाली. "नवी सून घरात आली की चार दिवस भांड्याला भांडं लागतंच."

आई आणि पुस्तक एकच सांगत होती. मला बरं वाटलं. रविवारी मी शिरूरला परतलो. आठवडाभर वर्गात फळ्यावर लिहिताना मध्येच थांबत होतो, पण निघालो नाही. पुढच्या शनिवारी पोचलो तेव्हा ती उठून बसू शकत नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला मुंबईला नेलं.

"किती दिवस ताप?" डॉक्टरांनी विचारलं.

"नववा दिवस."

त्यांनी तो आकडा कागदावर लिहिला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मी त्यांना विचारलं, "शरीरानं झडप नाकारली का?"

"नाही. रक्तातून जंतू जाऊन झडपेवर बसले होते. शरीराची आणि झडपेची काही तक्रार नव्हती."

"पहिल्याच दिवशी आणली असती तर?"

त्यांनी हातातला कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "औषध लवकर सुरू झालं असतं," ते म्हणाले.

आई बाहेर बाकावर होती. "काय म्हणलं रं?"

"झडप तिला मानवली होती, आई."

"मग ताप कशाचा?"

मी जंतूंचं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पर तू तर म्हणला व्हतास, भांडण हाय."

"म्हणालो होतो."

ती आणखी काही विचारील म्हणून मी उभा राहिलो. ती उठली आणि लेकीची पातळं मागायला आत गेली.