सर्व्हर अजून ओळखतो

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला बालाघाटचं ते सरकारी ऑफिस आठवतं. मी तिथे एकटाच प्रोग्रामर होतो, गावात ओळखीचं कुणी नव्हतं. बैहर, परसवाडा अशा तालुक्यांची माहिती आमच्या वेबसाइटवर भरली जायची. इंटरनेटची लाइन फार हळू चाले, म्हणून लॉगिन केलेला माणूस कोण आणि त्याला कशाकशाची परवानगी आहे, हे सर्व्हरने दर वेळी डेटाबेसला न विचारता दोन दिवस लक्षात ठेवावं, अशी सोय मी केली होती. आमचे हेड क्लार्क, सगळ्यांचे बडे बाबू, निवृत्त झाले. हार झाले, समोसे झाले, आणि मी डेटाबेसमधून त्यांचं नाव काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर ते आपल्या खुर्चीवर बसलेले आणि समोर वेबसाइटवरचं त्यांचं पान उघडलेलं. "पाह्य, हे मले अजून ओळखते," ते हसले. मग हळूच म्हणाले, "घरी कोणीच नाही रे बेटा. मन नाही लागलं." मी म्हणालो, "बडे बाबू, सर्व्हरच्या लक्षात जुनं राह्यलं आहे. मले ते पुसून टाका लागंल." "हौ, पुस ना. पण चहा होऊ दे." आम्ही दोघांनी चहा घेतला. मग मी पुसलं. त्यांनी पासवर्ड पुन्हा टाकून पाहिला. पान उघडलं नाही. "बरोबर आहे," म्हणाले आणि छत्री उचलून उन्हात निघून गेले. आता अशा कामात मी ही मुदत मिनिटांचीच ठेवतो. तेच योग्य आहे, पण कोडमधली ती ओळ लिहिताना हात जरा थांबतो.