शैलाताईंच्या शब्दाला हरकत

कोल्हापूरहून रत्नागिरीला बदली होऊन आलो, तेव्हा शेजाऱ्यांनी पहिल्याच रविवारी मला शैलाताई पावसकरांच्या पडवीत नेले. तिथे इंग्रजी शब्द जुळवण्याचा पट मांडलेला असे. मी मोठ्या तोऱ्यात ‘झॅक्स’ लावला. ताईंनी विचारले, “म्हणजे काय ओ?” मी म्हणालो, शब्दकोशात आहे. “तिथे आहे हो, तुमच्याकडे नाय ना. उचला सोंगट्या.” मग त्यांनीच सांगितले, छपराच्या दगडी फरश्या तासायच्या हत्याराला तसे म्हणतात.

ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांच्या पडवीचे नियम दोनच. ज्याने शब्द लावला त्याने अर्थ सांगायचा. आणि कोणाला शंका आली तर त्याने ‘हरकत’ म्हणायचे. मग शब्दकोश उघडतो आणि जो चुकला त्याची खेळी जाते. वय, हुद्दा कोणी बघत नाही.

माझी मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा ताई पेजेचा डबा घेऊन आल्या. तिच्या उशाशी बसून त्यांनी मला ‘उलेज’ शिकवला. पिंप काठोकाठ भरलेले नसले की वर जी रिकामी जागा राहते, ती उलेज. “रविवारी लावा,” म्हणाल्या, “मी हरकत घेणार नाय.” माझा जीव थाऱ्यावर नव्हता, तरी हसू आले.

इथवर लिहिणे सोपे होते. पुढचे लिहिताना मान वर होत नाही.

त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही गेल्या महिन्यात खास डाव ठेवला. मी त्यांच्यासमोर होतो. त्यांनी एक शब्द लावला, ठासून अर्थही सांगितला. असा शब्द कुठल्याच कोशात नाही, हे मला ठाऊक होते. बाकीच्यांनाही होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि मी मुकाट्याने गुण मांडले. ताई जिंकल्या. टाळ्या वाजल्या, शाल दिली, फोटो काढले. केवढे मोठे मन आमचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई रिक्षाने माझ्या दारात. काखेत शब्दकोश.

“तुम्हाला माहीत होतं ना?”

मी म्हणालो, “ताई, तुमचा सत्काराचा दिवस, म्हणून…”

“शब्द हल्ली निसटतात माझे. मला कळतं ते. म्हणून तर मला तुम्ही समोर लागता. हरकत घेतलीत तर मी खेळात आहे. गप्प बसलात म्हणजे मला पटावरून उठवलंत तुम्ही.”

मी चहाचे विचारले. त्यांनी ते ऐकलेच नाही.

“याआधी कधी माझा चुकीचा शब्द असाच सोडलात?”

“सोडलाय,” मी कबूल केले.

शैलाताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही प्रार्थना करताना आणखी एक मागणे आहे, ते आम्हा सर्वांसाठी. त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून, ‘हरकत’ म्हणण्याइतका त्यांचा आदर आम्हाला करता येवो.