सादिमिनकाकांचा गोंग

सोलो शहरातल्या आमच्या गल्लीत सादिमिनकाकांना कुणी विचारलं, "काका, तुम्ही रेडिओवर काय वाजवायचात?" की ते खुर्चीत पाठ ताठ करत आणि म्हणत, "गोंग." विचारणारा मग हसू दाबत चहाच्या पेल्यात तोंड खुपसे.

हसण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. गामेलान म्हणजे आमच्याकडचा वाद्यमेळ; त्याच्या ताफ्यात वीसजण घाम गाळतात आणि गोंगवाला मागच्या रांगेत बसून राहतो. आवर्तन संपलं की टांगलेल्या त्या भल्याथोरल्या काशाच्या गोंगावर एक ठोका, की पुन्हा गप्प. "एकतीस वर्षं डुलक्या काढायचा पगार खाल्ला ह्यानं," असं गुनार्तो चारचौघांत म्हणत. हे गुनार्तो म्हणजे काकांचे व्याही, लेकीचे सासरे, आणि त्याच ताफ्यातले ढोलवाले. ताफ्याची लय ज्याच्या हातात, त्याच्यापुढे तोंड उघडायचं कुणी?

काकांपाशी पुरावा होता, पण तो ऐकू येत नव्हता. जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेटी होत्या, आणि जावयानं दिलेला स्टिरिओ, दोन चिमुकल्या स्पीकरांचा. पाहुणे आले की कॅसेट लागे. बासरी, बायकांचं गाणं, व्याह्यांचा ढोल, सगळं कसं स्वच्छ. आणि मधेच काकांचं बोट वर जाई, "हा! हा मी!"

पाहुण्यांना पातेल्यावर झाकण पडावं तसा एक 'ठक्' कानी येई. "हो हो, ऐकला," म्हणत ते सोयाबीनच्या तळलेल्या टेंपेचा पुढचा तुकडा उचलत.

"अहो, जो ऐकूच येत नाही तो दर खेपेला दाखवता कशाला?" वार्सितीकाकू एकदा म्हणाल्या.

हे मात्र लागलं. जन्मभर केलेलं काम खुद्द बायकोलाही ऐकवता येऊ नये?

काका उठले आणि दुरुस्तीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "बशीएवढा पडदा आहे ह्या स्पीकरांचा, काका. एवढा खालचा सूर त्यांच्या गळ्यात नाही. सबवूफर लावा, खालच्या सुरांचं वेगळं खोकं." काकांनी घरी येऊन पिंजरा काढला आणि आपला गाणारा होला विकला. त्या होल्यासाठी तीन गल्ल्यांतले लोक सकाळी दारात येऊन उभे राहत, हे लक्षात घ्या.

"गाणारा पक्षी देऊन गुरगुरणारं खोकं आणलंत," काकू म्हणाल्या. "धन्य!"

पहिल्या दिवशी खोकं कोपऱ्यात ठेवून काकांनी आवाजाचं बटण पिळलं. कपाटातले पेले थरथरायला लागले. गोंग आला तो म्हशीनं ढेकर दिल्यासारखा, आणि त्याच्यामागून व्याह्यांचा ढोलही धबाधबा आदळायला लागला. "काका, लग्न कुणाचं?" गल्लीतून हाक आली. काकांना लोकांच्या हसण्याचं काही नव्हतं. त्यांचा जीव कासावीस झाला तो वेगळ्याच गोष्टीनं. हा त्यांचा गोंग नव्हताच. त्यांचा गोंग आदळत नसे. तो लाटेसारखा वर येई, डोलत राही आणि सावकाश बुडे.

मग सुरू झाली साधना. आधी त्यांनी बटण फिरवून ढोल खोक्याच्या वाटणीतून काढून टाकला, ढोलाच्या खालचे सूर तेवढे ठेवले. मग दुरुस्तीवाल्यानं सांगितलेली युक्ती. खोकं चढवलं स्वतःच्या खुर्चीवर, आणि आपण लुंगी खोचून खोलीभर रांगायला लागले, कान जमिनीलगत. जिथे गोंग खरा वाटेल, ती खोक्याची जागा. नेमक्या त्या वेळी समोरच्या सुकेमीबाई कढीलिंबासारखं काहीतरी मागायला आल्या.

"काका, दात पडला का?"

"गोंग शोधतोय."

दुपारपर्यंत गल्लीभर झालं, की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

जागा सापडली ती स्वयंपाकघराच्या दाराशी, खुर्चीच्या उजव्या अंगाला. काका तिथेच फतकल मारून हसत बसले. रेडिओच्या खोलीतही गोंग त्यांच्या उजव्या खांद्याशीच टांगलेला असे. मग खोक्याचा आवाज रोज थोडा थोडा उतरवत गेले.

पाचव्या दिवशी काकू आतून कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "आज खोकं बंद का?"

"चालू आहे की." आणि काकांनी ते गुपचूप बंद केलं.

आतली सुरी थांबली. "अहो, जमीन कुठे गेली हो?"

त्या दिवशी काकांनी चहात दुप्पट साखर घातली.

रविवारी गुनार्तो आले. "ऐकव बाबा तुझं खोकं. पण कॅसेट ती आपल्या रेडिओच्या वर्धापनदिनाची लाव, मी ताफा सावरला होता ती." हा किस्सा गल्लीला पाठ होता. गाणारी एक ओळ विसरली, ताफा विस्कटला आणि व्याहीबुवांनी एका ढोलावर सगळ्यांना परत आणलं.

कॅसेट त्या जागी आली. वाद्यं चाचपडायला लागली. आणि ढोल, खुद्द ढोल, गप्प झाला. एक मात्रा, दुसरी मात्रा. तोच स्वयंपाकघराच्या दाराशी गोंग वर आला, डोलला, सगळ्यांखाली पसरला. त्यानंतर ढोल, आणि ढोलामागून बाकीचे.

गुनार्तोंचा पेला हातातच राहिला. "मागे घे."

तीनदा मागे घेतली.

"सादिमिन, गोंग आधी आहे."

"हो."

"म्हणजे मी चुकलो होतो?"

"आलास की बरोबर. गोंगानंतर."

"अरे, आणि इतकी वर्षं बोलला नाहीस?"

"बोललो नाही कसा? दर खेपेला बोट वर करत होतो. तुम्हा कुणाला ऐकू येत नव्हतं."

काकू पदराआड हसल्या. गुनार्तोंनी चहा संपवला, मांडी नीट घातली, कॅसेट पुढे चालू दिली. पुढचं आवर्तन संपत आलं. काकांचं बोट सवयीनं उठायच्या आत व्याह्यांचंच वर गेलं, आणि दारात येऊन उभ्या राहिलेल्या सुकेमीबाईंकडे वळून ते गरजले, "हा! हा माझा व्याही!"