रस्सा निवेपर्यंत प्रार्थना

आमच्या चर्चमधले हे गृहस्थ शिरोलीच्या फौंड्रीत कामाला आहेत. कुणाकडंही जेवण असलं, की "आधी देव, मग ताट" म्हणत प्रार्थनेला तेच उभे राहतात, आणि तांबड्या रश्श्यावर चरबीचा थर धरला तरी थांबत नाहीत. पोरं कुजबुजतात, "काकांचा आमेन उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकला बघ."

परवा प्रार्थनेतच माझी साखर उतरली, हात थरथरायला लागले. हे गृहस्थ एक डोळा उघडा ठेवतात, ते तेव्हा कळलं. म्हणाले, "परभू, वाईच थांब. मावशींस्नी जिलबी द्या आधी."

आम्ही सगळे जेवलो. ते मात्र कोपऱ्यात उभं राहून उरलेली प्रार्थना पुरी करत होते. देव थांबला, रस्सा काही थांबला नाही. तो मीच पुन्हा गरम करून त्यांना वाढला.